वाहन-सल्ला : हीटर प्लग आधी मोजा, मग बदला

प्रश्न : महाबळेश्वरला प्रवासी व्हॅन चालवतो. जुने, चार सिलिंडरचे प्री-चेंबर (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणारे) डिझेल इंजिन आहे. थंडीत सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो. सुरू झाल्यावर मिनिटभर पांढरा धूर निघतो, इंजिन थरथरते. दुपारी एका सेल्फात सुरू होते. हीटरचा दिवा नीट लागतो आणि विझतो. मेकॅनिक डिझेलचा पंप उतरवायला सांगतो आहे. उतरवू का?

उत्तर : इतक्यात नको. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. गरम झाल्यावर तक्रार राहत नाही, म्हणून पहिला संशय हीटर प्लगवर, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणाऱ्या ग्लो प्लगवर. दिव्यावर विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत तो फक्त ठरावीक सेकंद जळतो; प्लग तापले की नाही हे त्याला कळत नाही.

बॅटरी चांगली असल्याची खात्री करून सुरुवात करा. इंजिन थंड असताना कुणाला तरी चावी हीटरवर फिरवायला सांगा आणि प्लग जोडणाऱ्या पट्टीवर मल्टिमीटर लावा. ११ व्होल्टच्या आसपास मिळाले तर रिले, म्हणजे प्लगना वीज सोडणारा स्विच, ठीक. काहीच मिळाले नाही तर मोठा फ्यूज किंवा रिले गेला. ८-९ व्होल्टच मिळत असतील आणि त्याच वेळी बॅटरीवर ११-१२ असतील, तर रिलेचे पॉइंट जळलेत किंवा जोड सैल आहे. अशा वेळी नवे प्लग घालूनही फरक पडणार नाही.

आता चावी बंद करून पट्टी काढा. हे टाळू नका, कारण प्लग समांतर जोडलेले असतात आणि पट्टी तशीच ठेवली तर चांगला प्लग मेलेल्याला झाकतो. मीटर २०० ओहमवर ठेवून आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवा. जो आकडा येईल तो पुढच्या प्रत्येक मापातून वजा करा. मग एक टोक प्लगच्या माथ्यावर, दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर. १२ व्होल्टचा चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटर उघडे सर्किट (म्हणजे करंट जातच नाही) दाखवत असेल तर प्लग मेला. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर आणखी चांगले : चालू प्लग सुरुवातीला बराच करंट ओढतो आणि तापत गेला की तो उतरतो.

प्लग काढताना इंजिन कोमट हवे, आदल्या रात्री गंजावर तेल सोडलेले हवे. १० मिमी आट्याच्या प्लगला ३५ न्यूटन-मीटरच्या वर जोर लावू नका. तो हेडमध्येच तुटला तर खर्च कैकपट वाढतो. बसवताना १५ ते १८ पुरतात.

काढलेल्या प्लगचे टोक नक्की बघा. वितळलेले किंवा फुगलेले असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) डिझेल गाळत असण्याची शक्यता मोठी. तो न तपासता नवा प्लग घातलात तर तोही जाईल. चारही प्लग ठीक निघाले, तर मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजा. पंपाचा विचार त्यानंतर.

आणि हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा किंवा ईथरचा फवारा कधीही वापरू नका. तापलेल्या हीटरमुळे ते अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतो.

प्रश्न : एकच प्लग गेला तर चारही बदलावेत का?

उत्तर : सगळे एकाच वेळी बसवलेले आणि जुने असतील तर हो. नाहीतर एकच बदला, पण त्याच व्होल्टेजचा. नव्या कॉमन रेल इंजिनांत (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) अनेकदा ४ ते ७ व्होल्टचे प्लग असतात. ते बॅटरीला थेट लावून तपासले की काही क्षणांत जळतात.