भंगारातील जुन्या अवजारांपासून प्राण्यांची शिल्पे करायची आहेत. सुरुवात कशी करावी?

भंगार गोळा होताच वेल्डिंगला हात घालू नये. सारे तुकडे जमिनीवर पसरून कोणता तुकडा कोणत्या अवयवासारखा दिसतो, हे आधी शांतपणे पाहावे. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्यांतूनच बैलाचे डोके साकारले होते. विळ्याचे पाते बगळ्याच्या मानेला, तर जुनी पक्कड चोचीला शोभते (थोडा गंज राहू द्यावा, मला तो पॉलिशपेक्षा बरा वाटतो). मात्र जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने ताप येऊ शकतो, म्हणून सांध्याजवळचा मुलामा आधी काढून टाकावा व काम मोकळ्या हवेत करावे. बिडाचे तुकडे वेल्डिंगनंतर निवताना बहुधा तडकतात. ते नटबोल्टने जोडावेत.