संस्थेसाठी पहिली मॅरेथॉन धावताना

सेवाभावी संस्थेकडून बिब (शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांक) मिळालं ना, मग निधी गोळा करायला आजपासूनच लागा. ते काम शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नका. तेव्हा पायांना विश्रांती हवी असते आणि डोक्यालाही. सगळ्यांना एकच मेसेज पाठवून फारसं हाती लागत नाही. एकेकाला नाव घेऊन लिहा, पैसे नेमके कशासाठी जाणार ते सांगा. लोक मनापासून देतात.

सरावातली सर्वांत लांब धाव 30-32 किलोमीटरची पुरे.

मोठ्या शहरातल्या शर्यतीत सुरुवातीला प्रचंड गर्दी असते. वाट काढत आडवंतिडवं धावलात तर दम उगाच वाया जातो. कडेला लोक ओरडत असतात, अंगात वारं शिरतं आणि वेग नकळत वाढतो. त्याची वसुली बहुधा तिसाव्या किलोमीटरनंतर होते: स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, संपत येतं, मांड्या दगडासारख्या होतात. म्हणून एनर्जी जेल (धावताना घ्यायचं, झटपट ऊर्जा देणारं घट्टसर गोड खाणं) थकवा येण्याआधीच घ्या, आणि तेही सरावात वापरलेलंच.

टी-शर्टवर नाव ठळक लिहा. अनोळखी माणूस नावाने हाक मारतो तेव्हा काय बळ येतं! संस्थेचे लोक कुठे थांबणार तेही विचारून ठेवा. जमलं तर पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास थांबायची गळ घाला.