घड्याळ बघा, कुशीवर वळवा: तापातल्या आकडीबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की घराघरांत मुलांचे ताप सुरू होतात आणि आमच्याकडे एकाच विषयावरची पत्रं वाढतात. तापात मुलाला आकडी आली, आता काय? या वेळी त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी ना कधी तापात आकडी येते, म्हणजे हा प्रश्न पत्रं पाठवणाऱ्यांपुरता नाही.

प्रश्न : माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे, वजन १० किलो. दुपारपर्यंत छान खेळत होता. संध्याकाळी अंग जरा कढत लागलं म्हणून थर्मामीटर शोधत होते, तेवढ्यात त्याने डोळे वर फिरवले, अंग ताठ केलं आणि हातपाय उडायला लागले. ओठ निळे पडले. सासूबाईंनी कांदा हुंगवला, शेजाऱ्यांनी दातखिळी सोडवायला चमचा घातला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत आकडी थांबली होती. पुन्हा आली तर नेमकं काय करू? — एक आई, सांगली

उत्तर : आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तापाकडे तुमचं दुर्लक्ष झालं म्हणून आकडी आली, असं नाही. अनेक मुलांत ताप चढायला लागतानाच आकडी येते आणि घरच्यांना ताप असल्याचं तिच्यामुळेच कळतं. ती येण्यामागे मुलाचं वय, घराण्यातली प्रवृत्ती आणि तापाचं कारण असतं. ते तुमच्या हातात नव्हतं.

पुन्हा आली तर करायचं काम थोडं आहे, पण ते नेमकं हवं. बाळाला पलंगावर नको, जमिनीवर चटई किंवा गादीवर ठेवा. डाव्या कुशीवर वळवा. वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा म्हणजे ते पालथं पडणार नाही. हनुवटी किंचित वर आणि तोंड थोडं खालच्या दिशेला ठेवा, म्हणजे लाळ, फेस, उलटी बाहेर पडेल. गळ्यातला काळा दोरा, ताईत, कानटोपी, घट्ट बटणं सोडवा. उडणारे हातपाय दाबून धरू नका, आकडी त्याने थांबत नाही आणि हाडाला मात्र इजा होऊ शकते.

याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाने मोबाइलवर व्हिडिओ सुरू करावा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, व्हिडिओ मात्र खरी वेळ दाखवतो. शिवाय दोन्ही बाजू उडत होत्या की एकच, डोळे कुठे वळले होते, हे डॉक्टरांना स्वतः बघता येतं. त्यांच्यासाठी यापेक्षा उपयोगाचं काही नाही.

तोंडात चमचा, बोट, कापड, पाणी, औषध काहीही घालायचं नाही. आकडीत जीभ गिळली जात नाही. फार तर कडेला चावली जाते, थोडं रक्त येतं, आणि ती जखम भरून येते. चमच्याने तुटलेला दुधाचा दात श्वासनळीत गेला तर मात्र जिवावर बेतू शकतं. पाण्याचंही तेच, शुद्ध नसलेल्या मुलाला पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं. ओठ निळे पडतात ते छातीचे स्नायू आवळल्यामुळे. आकडी थांबली की श्वास सुरळीत होतो आणि रंग परत येतो. थांबल्यावरही श्वास दिसला नाही तर तिथेच कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करून १०८ ला फोन करा.

आणि कांद्याबद्दल. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा फोडून नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, म्हणून थांबण्याचं श्रेय कांद्याला जातं. चप्पल हुंगवण्याचंही तेच. सासूबाईंना हे जरूर समजावून सांगा, कारण पुढच्या वेळी बाळ कदाचित त्यांच्याच मांडीवर असेल. त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते बाहुलीवर नव्हे, बाळ धडधाकट असताना बाळावरच दाखवा.

पाच मिनिटं झाली आणि आकडी चालूच असेल तर थांबायचं नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेलेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. १०८ ला फोन करा आणि घरात मिडाझोलम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला स्प्रे असेल तर मारा. हा स्प्रे तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून आताच लिहून घ्या. मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या १० किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅम. एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम असेल तर चार फवारे, प्रत्येक नाकपुडीत दोन. चूक होते ती इथेच : बाजारात एका फवाऱ्यात १.२५ मिलिग्रॅम देणारी बाटलीही मिळते. म्हणून ‘किती फवारे’ हे डॉक्टरांकडून तुमच्याच बाटलीनुसार लिहून घ्या आणि तो कागद बाटलीला चिकटवा. नवी बाटली घरी आणल्यावर पंप हवेत दाबून बारीक फवारा नीट येतो ना ते बघून ठेवा, नाहीतर ऐन वेळी पहिले दोन-तीन दाब कोरडेच जातात. नाकात शेंबूड असेल तर आधी पुसा. बाटली उभी धरा. औषधाने श्वास मंदावू शकतो, म्हणून स्प्रेनंतर छातीवर नजर ठेवा आणि दवाखान्यात जाच. दुसरा डोस डॉक्टरांनी लिहून दिला असेल तरच. मूल वाढलं की मात्रा बदलते, तेव्हा दर सहा महिन्यांनी वजन आणि बाटलीवरची मुदत दोन्ही तपासा.

आकडीनंतर मूल अर्धा-एक तास गाढ झोपतं, चिडचिडं होतं. हे अपेक्षित आहे. पूर्ण जागं होऊन ओळख दाखवेपर्यंत दूध किंवा तोंडाने औषध नको.

प्रश्न : आमच्या मुलीला दोनदा अशी आकडी आली आहे. आता ताप आला की आम्ही गजर लावून दर चार तासांनी पॅरासिटामॉल देतो, रात्री उठवूनसुद्धा, आणि डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो. बरोबर आहे ना? — आई-वडील, नाशिक

उत्तर : गजर बंद करा. मुलीला झोपू द्या. पॅरासिटामॉलने ताप आणि अंगदुखी कमी होते, मुलाला बरं वाटतं, दोन घोट जास्त पोटात जातात. त्यासाठीच ते द्यायचं. दर चार तासांनी दिल्याने पुढची आकडी टळेल, असा भरवसा त्याच्यावर ठेवता येत नाही. या समजापायी आई-बाप रात्ररात्र जागतात, आणि तरीही आकडी आली की आपलाच एक डोस चुकला म्हणून स्वतःला दोष देतात. आम्हाला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मात्रा किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. १० किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १.५ मिलिलिटर. सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २५० असेल तर ३ मिलिलिटर, १२० असेल तर सव्वासहा. थेंबांची बाटली सिरप समजून ५ मिलिलिटर पाजली तर एकदम ५०० मिलिग्रॅम पोटात जातात, म्हणजे तिपटीहून जास्त. तेव्हा चमचा नको, सुई नसलेली सिरिंज वापरा.

मेफेनामिक ॲसिड हे तापावरचं दुसरं औषध मनाने देऊ नका. जास्त मात्रेत ते स्वतःच आकडी आणू शकतं, आणि डेंग्यूची शंका असताना ते आणि आयबुप्रोफेन दोन्ही नकोत. बर्फाचं पाणी, स्पिरिट, कोलनवॉटर यांनी मूल कुडकुडतं आणि कुडकुडल्याने आतला ताप उलट वाढतो. पातळ सुती कपडे, पंखा, आणि मुलाला आवडत असेल तर कोमट पाण्याने अंग पुसणं, एवढं पुरे.

आकड्या फार वरचेवर येत असतील, साधारण सहा महिन्यांत तीन किंवा वर्षात चार, किंवा एखादी खूप लांबली असेल, तर डॉक्टर तापाच्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझाम हे आकडी रोखणारं औषध देतात. त्याने मूल पेंगतं, चालताना झोक जातो, म्हणून जिना, बाल्कनी, न्हाणीघर इथे हात धरून ठेवा. दोन आकड्यांसाठी ते लागतंच असं नाही.

प्रश्न : ही फेफऱ्याची सुरुवात तर नाही? डॉक्टरांनी ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) आणि एमआरआय (मेंदूचं स्कॅन) केलं नाही, त्यामुळे मन लागत नाही. — एक वडील, रत्नागिरी

उत्तर : साधी आकडी म्हणजे सगळं अंग एकदम उडणारी, १५ मिनिटांच्या आत थांबणारी आणि २४ तासांत एकदाच येणारी. अशी असेल तर मेंदूला इजा होत नाही, बुद्धीवर, अभ्यासावर परिणाम होत नाही. पुढे अपस्मार, म्हणजे तुम्ही म्हणता ते फेफरं, होण्याची शक्यता इतर मुलांत शंभरात एक असते, या मुलांत एक ते दोन. तुमच्या डॉक्टरांनी ईईजी-एमआरआय केलं नाही ते योग्यच केलं. ईईजीवरून पुढचं भाकीत होत नाही, आणि एमआरआयसाठी लहान मुलाला गुंगी द्यावी लागते. आकडी एकाच बाजूची असेल, लांबली असेल, त्याच दिवशी पुन्हा आली असेल किंवा मुलाची वाढ मागे असेल, तर हिशेब वेगळा.

पुन्हा आकडी येण्याची शक्यता मात्र खरी आहे : दहातल्या तिघांना येते, पहिली आकडी मूल वर्षाचं व्हायच्या आत आली असेल तर जवळपास पाच जणांना. बहुतेक वेळा ती पुढच्या वर्षभरातच येते. रोजचं गोळी-औषध यासाठी सुचवलं जात नाही. फिनोबार्बिटोनने मूल चिडखोर, चंचल होतं, व्हॅल्प्रोएटचा दोन वर्षांखालच्या मुलांच्या यकृताला धोका असतो. आजारापेक्षा उपाय जड, असं इथे अक्षरशः खरं आहे.

एक तपासणी मात्र करून घ्या, रक्तातल्या लोहाची. लोहाची कमतरता असलेल्या मुलांत तापातली आकडी जास्त दिसते. वर्ष उलटलं तरी दिवसभर बाटलीने दूधच पिणाऱ्या मुलांत ही कमतरता हमखास सापडते.

प्रश्न : गोवर-रुबेलाच्या लसीनंतर नवव्या दिवशी ताप येऊन भाचीला आकडी आली. पुढची लस टाळावी का? — एक मावशी, म्हापसा

उत्तर : टाळू नका. या लसीचा ताप साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसात येतो आणि त्या तापात आकडी येऊ शकते. खुद्द गोवराने येणारा ताप आणि मेंदूज्वर याहून कितीतरी घातक असतो. १६ ते २४ महिन्यांतला डोस द्या, डॉक्टरांना आधी कल्पना द्या आणि ते आठ दिवस स्प्रे हाताशी ठेवा. त्याच वयातल्या त्रिगुणी लसीच्या बूस्टरने ताप आला तर तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो.

प्रश्न : ताप आणि झटके घेऊन मूल आलं की ते साधं की गंभीर, हे आम्ही कसं ओळखायचं? कधी नुसती हुडहुडीही असते. — अंगणवाडी सेविका, गडचिरोली

उत्तर : हुडहुडीत मूल थरथरतं, पण हाक मारली की बघतं, रडतं, आईला बिलगतं. आकडीत शुद्ध जाते, डोळे एका जागी खिळतात किंवा वर फिरतात.

तुमच्या भागात झटके आलेल्या प्रत्येक तापाच्या मुलाची मलेरियाची चाचणी त्याच वेळी करायची, फॅल्सिपॅरम प्रकारचा मलेरिया मेंदूत जातो आणि काही तासांत बिघडतो. पूर्व विदर्भाला चांदीपुरा विषाणूचीही आठवण ठेवावी लागते. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत तो सापडला, वाळूमाशीतून पसरतो आणि मुलाला एका दिवसात बेशुद्धीकडे नेतो. म्हणून सगळ्यात महत्त्वाची खूण झटक्यांची नाही, नंतरच्या तासाची आहे. तासाभरात मूल जागं होऊन आईला ओळखू लागलं पाहिजे. ओळखत नसेल, मान ताठ असेल, टाळू फुगलेली असेल, उलट्या थांबत नसतील, अंगावर जांभळे ठिपके असतील, किंवा मूल सहा महिन्यांच्या आतलं किंवा पाच वर्षांच्या वरचं असेल, तर वाट न बघता १०८ बोलावून मोठ्या रुग्णालयात पाठवा. पहिलीच आकडी असेल तर मूल चांगलं दिसत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

पाठवताना कागदावर चार ओळी लिहून द्या : आकडी किती वाजता सुरू झाली, किती मिनिटं चालली, कोणती बाजू उडत होती, आणि आधी कोणतं औषध पाजलं. अँटिबायोटिक आधी दिलं असेल तर ते ठळक लिहा, कारण त्याने मेंदुज्वराच्या खुणा झाकल्या जातात आणि पाठीतलं पाणी तपासायचं की नाही हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.