एक्झी (विंडोजवर थेट चालणारी फाइल) केल्यावर फाइल सापडत नाही, पाथ म्हणजे फाइलचा पत्ता कुठून धरायचा?

म्हणजे लातूरच्या आडतीसाठी पायथॉनमध्ये केलेला पट्ट्यांचा (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचा) प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपवर चालतो, पण पायइन्स्टॉलरने (पायथॉन प्रोग्रामची एक्झी बनवणाऱ्या साधनाने) एकच एक्झी करून दुकानात नेली की पट्टीचा नमुना अन् लोगो सापडत नाही.

तुम्ही पाथ नुसता 'नमुने/पट्टी.एचटीएमएल' असा दिलाय. तो एक्झीपासून नाही, तर चालू फोल्डरपासून मोजला जातो. शॉर्टकटमध्ये 'स्टार्ट इन' वेगळं असलं की गडबड झालीच. शिवाय वनफाइल, म्हणजे सगळं एकाच फाइलमध्ये भरलेली, एक्झी सुरू होताना आतल्या फाइली टेम्पमध्ये 'एमईआय' नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात उलगडते. म्हणून मुख्य स्क्रिप्टमध्ये पाथलिब (पायथॉनमधली पाथ हाताळायची लायब्ररी) वापरून 'डबल अंडरस्कोर फाइल'चं, म्हणजे स्क्रिप्टच्या स्वतःच्या पाथचं, पॅरेंट फोल्डर काढा आणि पुढचा पाथ त्याला जोडा. लॅपटॉपवर आणि एक्झीत, दोन्हीकडे चालतं. एक्झी बनवताना 'ॲड-डेटा' या पर्यायाने नमुने आणि लोगो आत घातलेत ना, तेवढं बघा.

एक मात्र हात जोडून सांगतो, पट्ट्यांचा एसक्यूलाइट डेटाबेस याच पाथवर ठेवू नका. प्रोग्राम बंद झाला की ते तात्पुरतं फोल्डर पुसलं जातं. सोयाबीनची आवक जोरात असताना दिवसभराची वजनं, हमाली, तोलाई सगळं गेलं, तर शेतकऱ्याला पट्टी कशावरून द्यायची? डेटाबेस 'लोकल ॲपडेटा'मध्ये (विंडोजमधल्या त्या-त्या युजरच्या डेटा फोल्डरात) स्वतःचं फोल्डर करून ठेवा. एक्झीशेजारीच हवा असेल तर 'सिस डॉट एक्झिक्युटेबल'वरून, म्हणजे खुद्द एक्झीच्या पाथवरून, पाथ काढा. पण एक्झी 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असेल तर साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी नसते.