चंदगडला दहा टक्के, खानापुरात वीस का?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यात डोंगराकडेला आमची दोन एकर जमीन आहे. विहीर 45 फूट. विजेचा खांब पाऊण किलोमीटर लांब. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडच्या मावसभावाला किमतीच्या दहा टक्के भरून सौरपंप मिळाला, इकडे वीस सांगतात. त्याच्या नावावर अर्ज करून पंप आमच्या विहिरीवर बसवला तर? की करंटचीच वाट बघू?
– एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : मावसभावाला यात ओढू नका. जमीन ज्या राज्यात, त्याच राज्याचं अनुदान. तुमच्या आरटीसीवर (म्हणजे कर्नाटकातल्या सातबारावर) महाराष्ट्र पैसे घालणार नाही, आणि त्याच्या सातबारावरचा पंप हद्द ओलांडून आणलात तर तोच गोत्यात येईल. पीएम-कुसुम या सौरपंप योजनेतला केंद्राचा 30 टक्के वाटा दोन्हीकडे सारखाच. पुढे महाराष्ट्र 60 घालतं, कर्नाटक 50. म्हणून तुम्हाला वीस. सीमेवर राहायचं म्हणजे हे आलंच!

वाट बघण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. दहा एचपीपर्यंतच्या पंपांना आपल्याकडे वीज फुकट आहे, खरं. पण लाइनपासून 500 मीटरच्या पुढच्या नव्या पंपांना सौरकडेच पाठवायचं, असं कर्नाटक सरकारचं धोरण आहे. फक्त तुमचा पाऊण किलोमीटर पायवाटेचा की सरळ रेषेचा, ते एकदा वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात विचारा. सरळ अंतर 500 च्या आत भरलं, तर हिशेब बदलतो.

दहा-वीसपेक्षा मला तुमच्या विहिरीची काळजी जास्त. एचपी ठरवताना आजचं पाणी दाखवू नका, मे महिन्यातलं दाखवा. उन्हाळ्यात पाणी काठापासून तीस फुटांच्या खाली जात असेल, तर काठावरचा पंप ओढणारच नाही, पाण्यात सोडायचा सबमर्सिबलच घ्या. दोन एकराला तीन एचपी बहुतेक पुरेल. शेजाऱ्याने पाच घेतला म्हणून आपण पाच, हा हट्ट नको. झऱ्याला तेवढं पाणी नसेल तर पंप कोरडा फिरेल. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही, पण तेव्हा पाणी कुणाला हवंय? जानेवारी ते मे ऊन भरपूर.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, काजूच्या सावलीबाहेर. एका पॅनेलवर फांदीची सावली पडली तरी सगळ्या ओळीचा जोर उतरतो, आणि मग लोक कंपनीला शिव्या घालतात. माकडांचं काय करायचं ते तुम्हीच बघा, माझ्याकडे उपाय नाही.

अर्ज ‘सौरमित्र’ पोर्टलवर. नोंदणी फी म्हणून फोनवरून पैसे मागणारा भेटला तर फोन ठेवा. कुसुमच्या नावाने खोट्या वेबसाइट चालतात, असा इशारा केंद्राच्या खात्याने स्वतःच दिलाय. पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडेच असते, तो कागद पंप बसवायच्या दिवशीच हातात घ्या.