नुकतीच मोटारसायकल शिकलेल्या माणसाने लांबच्या, खडतर प्रवासाची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी गाडी शिकलात, एका दिवसात शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पुढे अजून गेलेला नाहीत, आणि वर्षभराने चार हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघायचंय. त्यातला बराच रस्ता कच्चा. निघायच्या महिनाभर आधी मोठी अ‍ॅडव्हेंचर बाईक (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठीची उंच मोटारसायकल) घ्यायचा बेत आहे. ती कोणती घ्यावी, बरोबर काय न्यावं आणि एकट्याने जावं का, हे तुमचे तीन प्रश्न.

गाडीच्या नावाआधी तुमचा बेतच बदलायला सांगते. महिनाभर आधी गाडी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर आत्ता घ्या, नाहीतर आज जी हाताखाली आहे तीच घेऊन जा. अमेरिकेत हॅरी हर्ट या अभ्यासकाच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ साली त्याचा अहवाल आला. अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त चालकांच्या हातात ती गाडी येऊन पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. रस्त्यावरचा त्यांचा एकूण अनुभव मात्र जवळजवळ तीन वर्षांचा होता. म्हणजे ती माणसं नवशिकी नव्हती, गाडी त्यांना नवी होती. ब्रेक किती दाबला की चाक घसरतं, क्लच कुठे पकडतो, वळणावर ती किती झुकते, हे अंगात मुरायला काही महिने जातात. तो काळ घराजवळच्या रस्त्यांवर घालवा, अनोळखी घाटात नको.

याच अहवालात आणखी एक आकडा आहे. अपघात झालेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःचे स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. तुम्हीही बहुधा तसेच शिकला असाल, मीही तशीच शिकले. म्हणून पहिला खर्च प्रशिक्षणावर करा. एक वर्ग डांबरी रस्त्याचा, एक कच्च्या रस्त्याचा. बाकी खरेदी त्यानंतर.

आता कोणती गाडी. हलकी. सामान लादल्यावरही जी जमिनीवरून एकट्याने उचलता येईल तीच तुमची गाडी, मग ती किती का सीसीची असेना. मोठ्या अ‍ॅडव्हेंचर बाईकचं वजन टाकी भरल्यावर सव्वादोनशे-अडीचशे किलोपर्यंत जातं. दीडशे किलोच्या आसपासची गाडी महामार्गावर थोडी मागे पडेल, पण वाळूत, चिखलात, उतारावरच्या खडीत तुमचं ऐकेल. कच्च्या रस्त्यावर ताकद कमी पडली म्हणून अडलेलं मी क्वचितच पाहिलंय. वजनामुळे अडलेले खूप पाहिलेत.

हे मी अनुभवावरून सांगते. माझ्या पहिल्या मोठ्या प्रवासाचा चौथा दिवस होता, दुपारी तीनची वेळ. खडीच्या उतारावर नकाशा बघायला थांबले आणि उजवा पाय टेकवला, तर जिथे जमीन असेल असं वाटलं तिथे ती नव्हती. सामानासकट गाडी उजवीकडे आडवी. ती कशी उचलायची हे मी वाचलं होतं, लोकांना उचलतानाही पाहिलं होतं, पण स्वतः एकदाही करून बघितलं नव्हतं. हँडल धरून वर ओढायला गेले आणि कंबरेत लचक भरली. तासा-दीड तासाने एक ट्रक आला, त्यातल्या दोघांनी गाडी उभी करून दिली. पुढचे आठ दिवस ती कंबर घेऊनच चालवलं. तेव्हापासून तयारीकडे बघायची माझी नजर बदलली. दमलेलं असताना, उन्हात, घाईत, हातापायांना जे न आठवता जमतं तेवढंच आपल्याला येतं. वाचलेलं आणि पाहिलेलं त्या वेळी उपयोगी पडत नाही.

तेव्हा या सुट्टीच्या दिवशी एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला घेऊन गवताळ मैदानावर जा, गाडी हळूच आडवी करा आणि उचला. आधी इंजिन बंद, सामान उतरवून बाजूला, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे सरळ होऊन पलीकडे झुकली तरी ती स्टँडवर थांबेल. डावीकडे पडली असेल तर ही सोय नाही, तिथे शेवटच्या क्षणी सावध राहायचं. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवा, एका हाताने खालच्या बाजूची हँडलची मूठ, दुसऱ्याने मागची दांडी किंवा फ्रेम पकडा, पाठ ताठ ठेवा आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांच्या जोरावर रेटा. जोर मांड्यांचा, कंबरेचा नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, वजन बेताचं, आणि मी माझी गाडी अशी उचलते. डावी-उजवी मिळून दहा वेळा उचला. पुढच्या महिन्यात पुन्हा.

पंक्चरचंही तेच. ट्यूब असलेलं चाक असेल तर घरी बसून, फक्त जी हत्यारं प्रवासात नेणार तीच वापरून, मागचं चाक काढा आणि ट्यूब बदला. पहिल्यांदा दोन-तीन तास लागतील, लागू देत. यातली सगळी मेख एका गोष्टीत आहे: टायरची एक कड लिव्हरने (टायर उचकटायच्या चपट्या पट्टीने) वर काढत असताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलून ठेवायची. तेवढी ढील मिळाली की टायर निघतो. नाहीतर नुसतीच ओढाताण होते आणि लिव्हरखाली नवी ट्यूब चिमटते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवा, खिळा अजून तिथेच असतो. ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच ती आत सरकवा, म्हणजे पिळा बसत नाही. ट्यूबलेस असेल तर काम सोपं: भोक खरवडायचं, चिकट दोरी आत घालायची, हवा भरायची. पण दगडावर आदळून रिम वाकली की ट्यूबलेस टायर हवा धरत नाही, म्हणून माझ्या सामानात तरीही एक ट्यूब असते.

गाडीची बाकी देखभाल तिच्या माहितीपुस्तकात असते आणि ते पुस्तक खरंच वाचा. फक्त दोन गोष्टी सांगते, कारण त्या बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतात. सामान लादल्यावर गाडी मागून बसते, आणि मागची बाजू दबली की बहुतेक गाड्यांची चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर अंदाजाने घट्ट केलेली चेन लादलेल्या गाडीवर बेअरिंग खाऊ शकते. म्हणून ढील पुस्तकात दिलेल्या मापाइतकीच ठेवा आणि मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीच दिलेला ताण, वजनाप्रमाणे वाढवा. दुसरी गोष्ट टायरचं वय. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. १४२१ म्हणजे २०२१ सालचा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर दगा देतं. हवेचा दाब सकाळी, टायर गार असताना तपासायचा.

चालवण्याच्या सरावात आधी ब्रेक. साठच्या वेगात तुम्ही दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाता. अडथळा दिसून हात ब्रेकवर येईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला ब्रेक लावला तरी पुढे साधारण २० मीटर लागतात. वेग ऐंशी केला की हीच बेरीज ४५ वरून ७० मीटरच्या आसपास जाते. वेगात भर वीसचीच, पण थांबण्याचं अंतर दीडपटीहून जास्त, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. हे आकडे पाठ करू नका. मोकळ्या रस्त्यावर खडूने रेघ मारा, रेघेवर ब्रेक लावायला सुरुवात करा आणि किती मीटरवर थांबलात ते पावलांनी मोजा. पुढचा ब्रेक झटका न देता दाबत न्यायचा, वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं, मग आणखी दाबायचा. आधी रिकाम्या गाडीवर, मग सामान लादून. दोन्हींतला फरक स्वतःच्या पावलांनी मोजला की पुढच्या वाहनापासून अंतर ठेवायला कुणी सांगावं लागत नाही.

कच्च्या रस्त्यावर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून चालवायला शिका. उभं राहिलं की गाडी तुमच्या खाली मोकळी हलते आणि खड्ड्याचे धक्के गुडघे घेतात, पाठीचा कणा नाही. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरायची, कोपरं थोडी बाहेर, हँडल सैल हाताने. नव्या माणसाची मूठ भीतीने आवळते आणि मग पुढचं चाक जरा हललं की तो सगळ्या अंगाने त्याच्याशी भांडतो. खडीत पुढचं चाक थोडं भटकणारच, भटकू द्या. नजर लांब ठेवा. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल, हे खरोखर होतं. तिथे पुढचा ब्रेक फार हळुवार वापरायचा आणि वळणाच्या आधीच वेग उतरवून घ्यायचा.

कपड्यांत हेल्मेट आणि बूट यांवर काटकसर नको. हेल्मेट गालांना दाबून बसलं पाहिजे. पट्टा लावून मागची कड पुढे ढकलून बघा, डोक्यावरून निघालं तर माप चुकलंय. युरोपच्या ईसीई मानकाची २२.०६ ही नवी आवृत्ती असलेलं मिळालं तर घ्या, तिच्यात तिरक्या आघातात डोकं फिरण्याचीही चाचणी होते. बूट घोट्याच्या वर जाणारे आणि टणक हवेत. गाडी पायावर पडते तेव्हा घोटाच सापडतो. पावसासाठी मी जॅकेटच्या आतल्या अस्तरापेक्षा वरून घालायचा वेगळा रेनकोट पसंत करते. अस्तर आत असलं की बाहेरचं कापड भिजून जड होतं आणि वाऱ्याने अंग गार पडतं. १० अंश तापमानात ऐंशीच्या वेगाने जाताना उघड्या त्वचेला ४-५ अंशांसारखी थंडी लागते, आणि गारठलेली बोटं ब्रेकवर उशिरा येतात. कानात फोमचे बोळे घाला, मात्र जिथून जाणार तिथल्या नियमांत ते बसतात का ते बघा. वाऱ्याचा सततचा आवाज माणसाला किती थकवतो हे बोळे घातल्यावरच कळतं.

सामान पहिल्या यादीच्या निम्मं न्या. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ, मागच्या कॅरिअरवर फक्त हलकं. कच्च्या रस्त्यावर कापडी पिशव्या बऱ्या, कारण गाडी पडली तर धातूच्या पेटीखाली पाय अडकून मोडू शकतो. कागदपत्रांचं थोडक्यात: सीमा ओलांडणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आणि गाडीचे कस्टमचे कागद लागतात का ते चार-पाच महिने आधी बघा. प्रवास विम्याची अट शब्द न् शब्द वाचा, कारण बऱ्याच विम्यांत ठरावीक सीसीच्या वरची मोटारसायकल वगळलेली असते. प्रथमोपचाराच्या पेटीआधी प्रथमोपचाराचा वर्ग करा. वाहतं रक्त दाबून कसं थांबवायचं ते हाताने केलेलं असावं.

रस्ता फार उंचीवर जाणार असेल तर दिवसांचा हिशेब वेगळा मांडा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. गाडी तासाभरात दीड हजार मीटर चढून जाते. शरीराला तेवढा वेग झेपत नाही. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर वर जायचं नाही, आणि वाढत गेली तर उतरायचं. ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. तिथे इंजिनही धापा टाकतं, कार्बोरेटरवालं जास्तच.

मग निघण्याच्या दोन महिने आधी रंगीत तालीम करा. तीन दिवस, पूर्ण सामान, शक्यतो पावसाळी हवा, निदान एक दिवस कच्चा रस्ता. परत आल्यावर पिशव्या उघडा आणि ज्याला हातही लागला नाही ते सगळं काढून ठेवा. हत्यारं, ट्यूब, औषधं आणि रेनकोट मात्र राहू देत. या तालमीत तुमचा स्वतःचा आकडाही सापडेल. माझा डांबरी रस्त्यावर दिवसाला २५० ते ३०० किलोमीटर, कच्च्यावर १२०. त्यापुढे मी चुका करायला लागते, विशेषतः दुपारी दोन ते चारमध्ये, जेव्हा शरीर तसंही पेंगुळतं. दर दीड तासाने उतरून पाणी प्यायचं, आणि अंधार पडण्याआधी मुक्काम. तुमचा चार हजारांचा आराखडा मग तुमच्या आकड्याने भागा आणि चार दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवा. दिवस पुरत नसतील तर रस्ता कमी करा, रोजचे किलोमीटर वाढवू नका.

एकट्याने जावं का? तालमीत गाडी उचलता आली, चाक काढता आलं आणि दुपारी तीन वाजता आपण दमलोय हे स्वतःशी कबूल करता आलं, तर जा. मी बहुतेक वेळा एकटीच जाते. मोबाईलचा सिग्नल नसलेल्या भागासाठी उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र बरोबर असतं, आणि ते पिशवीत नाही, अंगावर असतं, कारण गाडी दरीत गेली तर पिशवीही तिच्याबरोबर जाते. माझ्या बहिणीकडे रोजचा रस्ता लिहिलेला असतो. रात्री नऊपर्यंत माझा निरोप आला नाही तर तिने कुणाला फोन करायचा आणि कुठला रस्ता सांगायचा हे आम्ही निघण्याआधी ठरवतो, आणि आठ वाजले की मी दुसरं काहीही करण्याआधी तिला निरोप पाठवते.