हरवलेल्या मुलाची कादंबरी लिहिणाऱ्या मुलीला

अनेक आशीर्वाद.

तुझं हस्तलिखित वाचून झालं. सुरुवात शेवटच्या प्रकरणापासून करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तो शेवट काढून टाक. बेचाळीस वर्षांचा तुझा निवेदक पुण्यात एका संमोहनतज्ज्ञासमोर डोळे मिटून बसतो, ती त्याला उलटे आकडे मोजायला लावते, आणि तीस वर्षांपूर्वीची ती रात्र बारवेसकट, किंकाळीसकट त्याला जशीच्या तशी दिसते. वाचकाला उत्तर मिळतं हे खरं, पण ते फुकटात मिळतं. शिवाय मन असं चालतच नाही. संमोहनाखाली माणूस जास्त बोलतो आणि जे बोलतो त्याबद्दल त्याची खात्रीही वाढते. त्या बोलण्याचा खरेपणा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. तीनशे पानं तू मनाचे बारकावे एवढ्या कष्टानं टिपलेस आणि शेवटी त्याच मनाचं कुलूप जादूनं उघडलंस. ते मला पटलं नाही.

मी इतकी आग्रहानं सांगते आहे, कारण तू निवडलेली रात्र फार मोठी आहे. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. विसर्जन उरकून उमरगा, औसा भागातली गावं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरंच माणसांच्या अंगावर आली. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास जातो. अशा पहाटेच्या काही तास आधी पाच मित्रांपैकी एक नाहीसा होतो, आणि दिवस उजाडल्यावर त्याची गणती बाकीच्या मेलेल्यांत होऊन जाते. एकट्या त्याच्या आईला ठाऊक असतं की पोरगं रात्री घरी आलंच नव्हतं, म्हणजे भिंतीखाली ते असूच शकत नाही. ही कल्पना वाचून मी काही वेळ पुढचं पान उलटलं नाही. ती कुठून सुचली ते तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारणारही नाही. पण ती रात्र ज्यांनी भोगली ती माणसं अजून हिंडतीफिरती आहेत. भूकंप हा तुझ्या कथेत प्रेत लपवायची सोय होऊन राहिला, तर ती त्यांची विटंबना होईल. त्या पहाटेचं वजन पुस्तकाला पेलता आलं पाहिजे.

आता आठवणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, तुझी सगळी इमारत तिच्यावर उभी आहे म्हणून.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर सव्वा मिनिटात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितलं, काय करत होता. सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. जवळपास पाव लोकांचं प्रत्येक मुख्य उत्तर चुकलं होतं, आणि बरेच जण ते चुकीचं उत्तर ठामपणे सांगत होते. यापुढची गोष्ट तुझ्या कामाची. त्यांना त्यांच्याच हातचे जुने कागद दाखवले. अक्षर ओळखीचं. तरीही मूळ आठवण कोणाला परत आली नाही. डोळ्यांपुढे नवीनच चित्र उभं राहत होतं.

हे तुझ्या निवेदकाला लावून बघ. भूकंपानंतर महिन्या-दीड महिन्यानं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायला लागली आणि गुरुजींनी निबंध घातला, 'मी अनुभवलेला भूकंप'. हे मी सुचवते आहे, तुझ्या हस्तलिखितात ते नाही. पण सातवीतल्या मुलांना गुरुजी दुसरा कोणता विषय देणार होते? तीस वर्षांनी ती वही तुझ्या निवेदकाच्या हाती येऊ दे. बारा वर्षांच्या मुलाचं गोल गोल अक्षर, चुकलेल्या वेलांट्यांवर लाल शाई, आणि पहिल्याच परिच्छेदात एक साधं वाक्य: 'विसर्जन करून आम्ही चौघे घरी आलो.' बारवेवर गेले होते पाच जण. गुरुजींनी 'विसर्जन'मधला रफार सुधारला, आकडा त्यांच्या नजरेतून सुटला. निवेदकाला मात्र आजही पाचवा जण कंदील हलवत आपल्या गल्लीत वळताना स्पष्ट दिसतो. ते चित्र तो शपथेवर सांगू शकतो, आणि समोर त्याच्याच हातचं वाक्य आहे. दोन्ही त्याचेच. ही घटका तू जितकी लांबवशील तितकी लांबव. इथे संमोहनतज्ज्ञाची गरज उरत नाही.

मग तो वळणारा मुलगा आला कुठून? याचं उत्तर तुझ्या चौघांच्या मैत्रीत आहे, आणि मला वाटतं हीच तुझी खरी कादंबरी आहे. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिओना गॅबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. दोघा-दोघांच्या जोड्या केल्या, एकाच घटनेची चित्रफीत दोघांना वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली दाखवली, आणि आपण एकच फीत पाहिली असा त्यांचा समज होऊ दिला. नंतर आपसात बोलू दिलं आणि मग एकेकट्याला विचारलं. बोलणं झालेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी अशी किमान एक गोष्ट 'पाहिली' म्हणून सांगितली, जी त्यांच्या फितीत दिसणं शक्यच नव्हतं. ही एका बैठकीतली देवाणघेवाण. तुझी चार पोरं तर तीस वर्षं एकमेकांशी बोलत आली आहेत.

ढिगाऱ्याशेजारी ती माउली विचारते, माझं लेकरू कुठाय? चौघांपैकी एक जण म्हणतो, तो घरला गेला की. भीतीनं म्हणतो, मार बसेल म्हणून म्हणतो, किंवा खरं सांगायला तोंड उघडतच नाही म्हणून म्हणतो. उरलेले तिघं मान डोलावतात. पुढे दरवर्षी गणपतीत भेटल्यावर कोणीतरी त्यात एक तपशील घालतो: कंदील, गल्लीचं वळण, 'उद्या भेटू'. दहा वर्षांत ती आठवण झालेली असते. लबाडी कुठे संपली आणि आठवण कुठे सुरू झाली, ते चौघांनाही सांगता येणार नाही. तू एकाला मनाशी कपटी ठरवलंस आणि बाकीच्यांना भाबडं ठेवलंस, त्यामुळे तुझा तो वकील मित्र पहिल्या भेटीतच ओळखू येतो. त्याला सिगारेट विझवताना इतकं रेंगाळायला लावू नकोस. पहिलं वाक्य कोण बोललं हे चौघांपैकी प्रत्येकाला वेगळं आठवू दे, आणि प्रत्येकाच्या आठवणीत ते दुसऱ्याच कोणाच्या तरी तोंडी असू दे.

कोणी म्हणेल, मग शेवट संदिग्धच ठेव, साहित्यिक वाटेल. ते मुळीच ऐकू नकोस. मुलगा हरवला असं सांगून तू वाचकाला दारात बोलावलंस. त्याचं काय झालं हे सांगितल्याशिवाय त्याला परत पाठवणं ही फसवणूक आहे. निवेदकाला कधीच आठवू नये, पण वाचकाला कळावं. वही, आईचं म्हणणं, पडलेली बारव आणि चौघांच्या हकिगतींतल्या फटी, एवढ्यातून चाणाक्ष वाचक निवेदकाच्या एक पाऊल आधी पोचला पाहिजे. त्याला आपल्या आधी कळलं आहे हे निवेदकाला कधीच समजणार नाही, आणि वाचकाला सगळ्यात जास्त तेच टोचेल.

काही किरकोळ दुरुस्त्या. विसर्जनाच्या रात्रीला तू 'काळोखी रात्र' म्हटलं आहेस, तेही तीनदा. अनंत चतुर्दशीला काळोख कसा असेल? दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. आभाळ भरून आलेलं दाखवायचं असेल तर तसं लिही, नाहीतर चांदणं येऊ दे आणि त्याचा उपयोग कर. बारवेच्या पायऱ्यांवर सावली कुठवर आली होती हे चौघांना वेगवेगळं आठवू शकतं. पोलिसांनी लगेच अपहरणाचा गुन्हा नोंदवला हेही त्या काळात बसत नाही. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १० मे २०१३ चा, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवरचा. १९९३ मध्ये फार तर 'मिसिंग'ची नोंद झाली असती, आणि त्या आठवड्यात तर तेवढ्यासाठीही त्या बाईला हेलपाटे घालावे लागले असते. पुढे कधीतरी हवालदार मुलांचे जबाब घेतो तो प्रसंग चांगला आहे, पण भाषा सगळीच पोरांची ठेवलीस. जबाब हवालदाराच्या भाषेत उतरतो: 'समक्ष विचारलेवरून जबाब देतो की, सदर मुलगा हा त्याचे राहते घराकडे निघून गेला.' पोरगं चाचरत 'तिकडं गेला वाटतं' म्हणालं असेल. त्या 'वाटतं'चा कागदावर मागमूस राहत नाही, आणि मोठेपणी तो कागद वाचणाऱ्याला आपण तेव्हा किती ठाम होतो असं वाटून धीर येतो. हे दाखव.

आईकडे तू फार कमी पानं दिली आहेस. बिनखुणेचा वियोग किती पोखरतो, यावर अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून काम केलं. माणूस गेला की आहे हेच ठरत नाही, म्हणून शोकाला सुरुवातच करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे याला कायद्याचं आणि रूढीचं असं दोन्हीकडचं कुंपण आहे. सात वर्षं ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना नाही, तो हयात असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तो जिवंत आहे म्हणणाऱ्यावर येते. तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातलं हे १०८ वं कलम होतं. जुन्या रूढीप्रमाणे बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबायचं आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे कायद्यानं २००० साली तो गेला असं धरता आलं असतं, आणि घरच्यांना २००५ पर्यंत वाट बघायची मुभा होती. या मधल्या पाच वर्षांत त्या घरात काय बोललं जात असेल? त्याच्याही आधी मृतांची यादी आहे, वारसांना मिळणारी मदत आहे. बाप नाव घालू पाहतो, घरात खायला दाणा नाही, त्याला दोष देता येत नाही. आई म्हणते, न मेलेल्या लेकराचे पैसे मी घेणार न्हाई. हा प्रसंग तू एका ओळीत उरकलास: 'तिने सही करण्यास नकार दिला.' एक अख्खं प्रकरण दे. आणि तिला तिच्या बोलीत बोलू दे. पुस्तकी मराठीत तिचा राग पुसला जातो.

गावाबद्दलही एक सांगायचं आहे. तुझा निवेदक परत येतो तेव्हा जुन्या गल्लीतून चालत जातो. ती गल्ली राहिलेली नाही गं. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, जुन्या जागी चौथरे आणि वेड्या बाभळी. नव्या गावात घराचं माप जमिनीवरून ठरलं: ज्याला शेत नाही किंवा एक हेक्टरपर्यंतच आहे त्याला २५० चौरस फूट, ज्याला सात हेक्टरपेक्षा जास्त त्याला ७५०, मधल्यांना ४००. एका भिंतीला भिंत लागून वाढलेले तुझे मित्र या हिशेबानं नव्या गावाच्या वेगवेगळ्या टोकांना गेले. पाटलाचा मुलगा मोठ्या प्लॉटकडे, सुताराचा लहान ओळीत. त्यांच्यातला दुरावा तू त्या रात्रीच्या गुपितावर ढकलला आहेस. तो अर्धा तरी या मापांवर टाक. रहस्यकादंबरीत सगळ्याचं कारण एकच निघालं की मन बनावट वाटू लागतं. गुन्ह्याचा काही संबंध नसलेली दुःखंही तुझ्या माणसांना असू देत.

पहिली चाळीस पानं मात्र हलवू नकोस. पाच पोरं पाटावरचा लहानसा गणपती घेऊन मोठ्यांच्या मिरवणुकीपासून मागे रेंगाळतात, एकाची चप्पल तुटते, दुसरा खिरापतीतलं खोबरं तेवढं वेचून खातो. एवढं जिवंत मी गेल्या काही वर्षांत थोडंच वाचलं आहे. त्या पानांवर विश्वास ठेव आणि पुढची पानं त्यांच्या तोलाची कर.

दिवाळीपर्यंत सगळं पाठवायची घाई करू नकोस. आधी यादीवर सही न करणाऱ्या आईचं प्रकरण लिही, मग वहीचं. ती दोन पाठव, बाकीचं त्यानंतर बघू. आणि त्या वकिलाचं नीट विचार करून मला कळव: पहिलं वाक्य आपणच बोललो, अशी भीती त्याला केव्हापासून वाटते आहे?

तुझी,
बाई